पिंगळे

सुदामानगर, रात्रीचे पावणेतीन.
तांबड्या ग्रहाच्या धाकट्या चंद्रावर
यान कलंडलंय, एक पाय मोडून.
टाकीत तेरा किलो. परतायला ऐंशी लागतं.
घाबरून ब्रेक लवकर मारला मी,
सगळं तिथेच जळलं.

आत पिंगळे.
नाव मीच ठेवलं, कॉलेजातल्या लॅब-असिस्टंटचं.
कोपऱ्यातल्या चौकटीत हसतोय;
हसण्यापलीकडे त्याला कुणी काही शिकवलेलंच नाही.

दुकानाच्या उधारीच्या वहीत, मागच्या पानावर
दोन वर्तुळं काढते, कंपासातला कोनमापक लावते.
तो ग्रह चव्वेचाळीस अंश पुढे असेल
तेव्हाच निघायचं.
म्हणजे आजपासून चारशे अकरा दिवस.

एक कळ दाबली की दिवस भराभर गळतात,
चाळणीतून रवा गळावा तसे.
बोट ठेवते. उचलते.
चारशे अकरा दिवस,
पिंगळेला न विचारता?

उजाडलं. खाली कचरागाडी गाणं वाजवत आली.
ओला, सुका, दोन्ही डबे देऊन वर येते.
तो तसाच, हसरा.

नवं यान जोडायला घेते.
टाकी मोठी. पाय चार, रुंद.
आत दोन खुर्च्या:
त्यातली एक
जाताना रिकामी.