पूल आधी गोठतो

पिहला, तुला लायसन्स मिळालं
म्हणून तुझ्या आईनं ब्लूबेरीचा पाय केला.
जांभळ्या ओठांनी तू सगळ्यांकडे बघून हसलीस,
किल्लीला अडकवायला कोणी चांदीचा मासा दिला,
कोणी लोकरीचं गोंडेदार अस्वल.
माझ्या हातात काहीच नव्हतं.
म्हणालो, कोट घाल. मामाच्या आवारात चल.

दुपारचे तीन. नोव्हेंबरनं दिवस केव्हाच मिटलेला.
सोदानक्युलाच्या वरच्या अंगाला
अठ्ठावीस वर्षं मी गाड्या ओढून आणतो,
चरातून, बर्चच्या बुंध्यातून,
एकदा कुणाच्या तरी सॉनाच्या भिंतीतून.
माणसं मला दिसत नाहीत.
मी पोचेपर्यंत त्यांना नेलेलं असतं.
मला दिसते पुढे ओढलेली सीट,
म्हणजे चालवणारं बुटकं होतं.
मागे पाच टोप्या,
म्हणजे गाणं मोठ्यानं चालू होतं आणि कुणीतरी म्हणत होतं, अजून थोडं.
पट्टा नवाकोरा, कधी ओढलेलाच नाही,
म्हणजे...
जाऊ दे.

हिच्यात बस, म्हणालो.
लाल गाडी. दार उघडायला मला खांदा लावावा लागला.
तू बसलीस, आणि पहिल्यांदा काय केलंस,
तर आरसा नीट केलास.
त्यात ताडपत्री होती, आणि तिच्याखाली आणखी सात.
बाईंनी तुला चांगलं शिकवलंय.

हे मात्र परीक्षेत विचारत नाहीत:
पूल आधी गोठतो.
रस्त्याच्या पोटाखाली जमीन असते, ती ऊब धरून ठेवते,
पुलाच्या पोटाखाली नुसता वारा.
काळ्या बर्फाला रंग नसतो गं,
तो डांबराचाच रंग पांघरून निजतो.
टायरचा आवाज एकाएकी थांबला
आणि तुला वाटलं, वा, किती छान चाललीय,
तर तेव्हाच समज.
ब्रेकवर तुटून पडू नकोस. पाय अलगद उचल.

रेनडिअर आडवं गेलं, तू हुश्श केलंस,
तर ते हुश्श गिळून टाक.
त्याच्यामागे दुसरं असतं. दुसऱ्यामागे पिल्लू.

कडेच्या खडीत चाक उतरलं, तर उतरू दे.
हिसका देऊन वर येणाऱ्यांना
मी पलीकडच्या चरातून काढलंय.

आज तुला भीती वाटतेय, ती बरी आहे.
मला काळजी फेब्रुवारीची.
तोवर भीती निघून गेलेली असेल
आणि सवय अजून पोचलेली नसेल.
मधली ती रिकामी खोली,
माझं अर्धं आवार तिथूनच भरतं.

मी एकोणीसचा होतो.
पूल होता.
शेजारच्या सीटवर ओस्मो, थर्मासमधून कॉफी ओतत.
एवढंच सांगतो.
त्याच्या आईनं मला कधी एक शब्द लावला नाही,
दर नाताळात मोजे विणून धाडते.
मला ते घट्ट होतात.
माप त्याचं असतं.

तू लाल गाडीतून उतरलीस,
हातांना गंज लागला होता, तो कोटाला पुसलास
आणि विचारलंस, मामा, मी जाऊ?

फाटकाशी उभा राहून मी बघत होतो.
पुढचा तिठा ओस. ना दिवा, ना माणूस, ना जनावर.
तरी तू इंडिकेटर दिलास.
पिवळा ठिपका लुकलुकत राहिला काळोखात,
कुणासाठीच नाही.
थांबलीस. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे.
मग वळलीस, पुलाच्या बाजूला.

मी ट्रकमध्ये जाऊन बसलो.
इंजिन लावलं नाही.
फोन मांडीवर उताणा ठेवला
आणि त्याच्याकडे बघत राहिलो,
वाजू नकोस, वाजू नकोस म्हणत.