अकरा सेंटीमीटर

ऑक्टोबर सरता सरता यार्कोने गाडी घोड्यांवर चढवली
आणि मी समजले, आता एप्रिलपर्यंत
नवऱ्याचे नुसते बूट दिसणार.

आमच्या केमीत हिवाळ्यातला सूर्य
उसनी साखर मागायला आलेल्या शेजाऱ्यासारखा,
उंबऱ्यावरूनच परत फिरतो.
गॅरेजात मात्र दोन ट्यूबलाइट, एक हीटर,
आणि तेहतीस वर्षांची निळी माझदा, अंगाने सडपातळ.
तिला रुंद करायची होती.
दोन्हीकडून अकरा-अकरा सेंटीमीटर.

कशासाठी, हे मी विचारलं नाही.
एकदा विचारलं होतं, लग्नाआधी, एका स्पॉयलरबद्दल.
ते उत्तर अजून चालू आहे.
सासूबाई फोनवर म्हणाल्या, अंगापेक्षा बोंगा,
आणि फोन ठेवला.

पहिला काप घेण्याआधी तीन दिवस
तो चाकांवरच्या पत्र्याला चिकटपट्टी लावत होता
आणि काढत होता.
मी अठरा वर्षं होड्यांची आच्छादनं शिवते.
कात्री कापडावर टेकवून आपण जो श्वास धरतो
तो मला दुरूनही ओळखू येतो.
म्हटलं, रेषेच्या आत काप. माया ठेव.
म्हणाला, पत्र्याला?
म्हटलं, पत्र्याला जास्तच.

मग ग्राइंडर किंचाळला.
सोडलेल्या दोन बोटं पत्र्याला त्याने चिरा दिल्या,
एकेक पाकळी हातोडीने वर वळवली,
आतला पत्रा बाहेरच्याला भिडवला
आणि वेल्डिंगचे टाके घातले.
टाके वेडेवाकडे. पण पाणी शिरणार नाही,
एवढं मी मान्य केलं.

त्यावर फेस.
डब्यातून फुसफुसत आलेला पिवळा फेस,
एका रात्रीत गाडीने बाळसं धरलं
आणि सकाळी माझी पावाची सुरी गायब.
तिनेच तो फेस तासत होता.
सुरी परत आली. आठवडाभर
राईच्या पावात पिवळा चुरा लागत होता.

काचकापड, राळ, पुट्टी, घासकागद.
ऐंशी नंबरचा, एकशेवीसचा, दोनशेचाळीसचा.
उशीवर त्याच्या डोक्याचा पांढरा छाप.
फेब्रुवारीत एकदा मला झोपेतून उठवून नेलं,
माझा तळहात मागच्या चाकावरच्या फुगवट्यावर ठेवला.
डोळे मीट, म्हणाला. काही लागतं?
लागत होतं, केसाएवढं.
नाही म्हणाले.
दारापर्यंत गेले, परत आले, आणि सांगितलं.
तो शुक्रवार त्यातच गेला.

एप्रिलचा दुसरा शनिवार.
छपरावरून बर्फ ठिबकत होता.
शेजारचा रौनो थर्मास घेऊन आला,
म्हणजे त्याच्या हिशेबाने मोठा समारंभ.
गाडी मागे आली, मागे आली,
आणि थांबली.

सगळं मोजलं होतं यार्कोने.
चाकांची खोली, टायरची फुगी, रिव्हेटांमधलं अंतर.
दार सोडून.
ते सासऱ्यांनी एकाहत्तर साली
त्यांच्या साबच्या मापाने बांधलेलं:
एक मीटर अठ्ठ्याऐंशी.
गाडी आता एक एक्याण्णव.

कोणी हसलं नाही. रौनोने कॉफी ओतली.
यार्को चौकटीवर हात ठेवून उभा राहिला,
चिकटपट्टीच्या वेळी राहिला होता, तसाच.
शेवटी मीच पहार आणली.

चौकट निघाली आणि मागे दोन्हीकडे
चार-चार बोटं जागा,
वर्तमानपत्रांचे बोळे कोंबून ठासलेली.
म्हाताऱ्याने सोडून ठेवलेली, कुणालाही न सांगता.

गाडी तशीच सुरू, धूर अंगणात.
यार्कोने एक बोळा सोडवला,
त्या नव्या, रुंद पाठीवर तळहाताने सपाट केला
आणि मोठ्याने वाचला:
उद्या उत्तरेकडून वारा, संध्याकाळी हिमवर्षाव.
रौनोने जरा आठवून पाहिलं.
झाला होता, म्हणाला.