कॉल

गच्चीवर चार बादल्या पाणी मारलं
तरी रात्री दहाला फरशी तव्यासारखी.
गादी नको म्हटलं, नुसती सतरंजी टाकली.
हे पडले आणि लगेच घोरायला लागले,
भरलेल्या मालगाडीसारखे, एका चालीत.

मी जागी.
दीपनगरच्या चिमणीवरचा लाल दिवा
लागतो, विझतो, लागतो.
मोजत बसले. एकशे चाळीसनंतर आकडा हरवला.

कारण विचाराल तर काही नाही.
डॉक्टरांनीही विचारलं, मनात काही आहे का?
म्हटलं, मनात काय असणार, उद्याची भाजी आहे.
त्यांनी गोळी दिली. चौधरीबाईंनी जायफळ दिलं.
बहिणीने यावलहून काशाची वाटी धाडली, तळपाय घासायला.
तळपाय तेवढे गुळगुळीत झाले.

खरं तर ही झोप मोडली रेल्वेच्या क्वार्टरात,
सुभान तडवीच्या सायकलीने.
तो कॉलबॉय. पन्नाशी उलटली तरी बॉयच.
रात्री दोनला, बहुतेकदा पावणेतीनला
सायकल भिंतीला टेकवायचा, कडी दोनदा वाजवायचा,
आणि खोकून म्हणायचा, "गार्डसाहेब, कॉल."

कॉल यांना यायचा, जाग मला यायची.
कडीच्याही आधी,
सायकल कोपऱ्यावर वळायची तेव्हाच.
हे डोळे मिटून रजिस्टरवर सही करायचे, परत आडवे.
मी स्टोव्हला पंप मारायची.
गाडी खंडव्याची की बडनेऱ्याची ते मागाहून,
आधी पीठ.
कळण्याच्या चार भाकरी, ठेच्याची पुडी,
काळ्या पेटीत झेंडे आहेत का, टॉर्चचे सेल.
मग हे जायचे, आणि उरलेल्या रात्रीचं काय करावं
हे मला कधीच कळलं नाही.

रिटायर होऊन पाच वर्षं झाली.
त्या पेटीत आता मी बिबडे ठेवते.
सुभानही राहिला नाही.
पण पावणेतीनला अजून कोणीतरी
माझ्या अंगाला सायकल टेकवून उभं राहतं.

उठून काय काय केलं म्हणून सांगू.
हरभरे निवडले, डबे पुसले,
एकदा तर चार भाकरी थापून बसले
आणि फडकं हातात घेतल्यावर कळेना, बांधू कोणाला.
सकाळी यांनी दुधात कुस्करून खाल्ल्या.
काही विचारलं नाही.

आज पावणेतीनला
समोरच्या माडीवर फोन वाजला.
पुरता वाजलाही नाही, कोणीतरी झटकन दाबला.
मग खिडकीत दिवा.
पारोळ्याची हर्षाली, असिस्टंट ड्रायव्हरची बायको,
लग्नाला अजून वर्ष नाही.
बांगड्या कोपराकडे सारल्या, ते ऐकू आलं.
डब्याचं झाकण. तांब्या. परात.
थप, थप, आणि थांबली.
तुटली असणार.
बाई गं, पाणी जरा कोमट घे.
परत गोळा केला. आता
थप थप थप थप
हात बसला.
लांब यार्डात एका इंजिनाने आखूड शिटी दिली.
तव्यावर भाकरीला पाणी फिरवलं, चर्र.
दुसरी. थप थप थप थप.
कोणी तरी उठलंय.
कोणाचा तरी डबा होतोय.
मला उठायचं नाही.
तिसरी

तिसरीनंतरचं मला माहीत नाही.

ऊन पापण्यांना टोचलं तेव्हा जिन्यात कपबशी वाजत होती.
यांच्या हातात चहा, साखर दुप्पट,
अर्धा बशीत सांडलेला.
"साडेसात झाले. बरं नाही का?"
समोर कठड्यावर हर्षाली परात उन्हात टेकवत होती,
जांभया देत.
म्हटलं, बरी आहे. आज कॉल समोर होता.

हे बशी पुसता पुसता थांबले.
"कुठली गाडी?"