एकेचाळिसावा आठवडा

मस्कीगनचं सरोवर गोठलं की
माझ्या दुकानात एकच आवाज उरतो, हीटरचा.
आज दोन आहेत.
हुंऽऽ. तार न छेडता.

अर्लीन पेटिग्रू म्हणाल्या, "वडिलांची. सेहेचाळीसची.
पलटणीतून सुटले, हातात पैसे आले, त्यात घेतली.
भावाला पटत नाही. तुम्ही लिहून द्या."
हातमोजे काढले नाहीत. बसल्याही नाहीत.

तारांवर तळवा ठेवला: गुणगुण तशीच.
जॅकच्या धातूला बोट लावलं: चिडीचूप.
म्हणजे शेपटीच्या पट्टीकडे जाणारी
अर्थिंगची वायर तुटली आहे.
निदान सोपं, वाट अवघड.
फुगीर पोटाच्या गिटारला दार नसतं,
दोन नागमोडी फटी, त्यांतून माझी दोन बोटं जेमतेम.
बटणाच्या दांडीला दोरा बांधायचा, मगच तिला आत ढकलायचं,
नाहीतर परत येताना तिला भोक सापडत नाही.
हे मी दोरा न बांधता शिकलो.
एक अख्खा रविवार गेला.

आवाजाची डबी फटीतून बाहेर आली,
पाठीवर साठ-पासष्ट वर्षांची धूळ.
थुंकी लावून पुसली. आकडे:
एकशे सदतीस, मग पाच नऊ, मग चार एक.
आधी कारखाना, मग साल, मग आठवडा.
एकोणसाठ. एकेचाळिसावा.
ऑक्टोबर, पानं गळायची वेळ.
डाख जुना, मळकट, कुणी पुन्हा वितळवलेला नाही.

भाऊ जिंकला, असं लिहायला पेन उचललं
आणि दातांच्या डॉक्टरचा आरसा सहज आत सरकवला.
पिकअपच्या भोकाच्या कडा
उंदरानं कुरतडल्यासारख्या.
कुठलाही कारखाना असं कापत नाही.
वरचं लाखेचं पाणी करवतीखाली तडकलेलं,
म्हणजे पाणी आधीचं, करवत नंतरची.
गिटार जुनी. वीज मागाहून आली.

फोन केला. एकोणसाठ म्हटलं, करवत म्हटलं.
पलीकडे बराच वेळ काही नाही.
मग म्हणाल्या,
"भुसा मी झाडला होता.
सात वर्षांची होते. स्वयंपाकघराचं टेबल.
आई ओरडत होती, चांगल्या लाकडाचं वाटोळं केलं म्हणून,
आणि ते, काय? काय? करत होते.
फाउंड्रीत बारा वर्षं झाली होती तेव्हा.
आम्हाला वाटायचं, मुद्दाम ऐकत नाहीत."

मी गप्प. हीटर चालू.

वायर जोडली. आता तारांवर हात ठेवला
की गुणगुण थांबते, उचलला की पुन्हा,
बारीक. तेवढी राहतेच या जातीत.

कागदावर लिहिलं:
जन्मसाल, सांगता येत नाही. सेहेचाळीस असू शकतं.
कापली, एकोणसाठच्या ऑक्टोबरनंतर, घरी.
मजुरी, चाळीस डॉलर.
दोरा आतच राहिला आहे एक, निळा.
निघाला नाही.