खालचा थर

ओउलू. दुपारी अडीचलाच अंधार.
केर्तूबाई काचेच्या नळीत पिपेट सोडतात:
वर पाणी, मध्ये प्रथिनांची पांढरी साय,
तळाशी क्लोरोफॉर्ममध्ये विरघळलेली
कुणा अनोळखी माणसाच्या मेंदूतली चरबी.
सायीला धक्का न लावता
खालचं तेवढं उचलायचं.
एकतीस वर्षं.

यंदा हात कापतो.
कॉफीच्या कपाखालची बशी आधी बोलली,
मग नळी २१४ गढूळ झाली.

कुणी काही म्हटलं नाही. इथे म्हणत नाहीत.
सोमवारी इल्मारीनं टेबलावर
लाकडी ठोकळा ठेवला, घरून तासून आणलेला,
वर लोकरीचा तुकडा डकवलेला,
बरोबर कोपराच्या उंचीचा.

बाईंनी कोपर टेकलं. श्वास धरला.

२१५ नीट निघाली.
२१६ त्यांनी त्याच्यापुढे सरकवली,
ठोकळ्यासकट.