प्राणवायूचं सोंग

साडेनऊला पाच गोळ्या. अकराला किरण.
मधला दीड तास ऑलबोर्गच्या या निळ्या खुर्चीत
मळमळ मांडीवर घेऊन बसायचं.
चाळीस वर्षं शिंपल्यांच्या बोटीवर काढली,
कुठल्याच लाटेनं मला ओकायला लावलं नाही.
पाच गोळ्यांनी लावलं.
गुद्रुन हसली. मग रडली. मग कोरडा टोस्ट आणला.

बोडिलनं पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं,
गोळ्या कशासाठी, कळलंय ना?
डॉक्टर सांगत होते तेव्हा मी मान हलवली होती.
मान हलवणं सोपं, ती टेबलाला जखडलेली नसली की.

तिनं पाकिटाच्या पाठीवर एक गोळा काढला.
कड रक्ताला लागून, खाऊनपिऊन सुखी.
गाभा गुदमरलेला. तिथवर प्राणवायू पोचतच नाही,
वाटेतच खर्च होतो.
"मग मरू दे की," मी म्हणालो. तेव्हा थोडा आवाज होता.
"तोच तर मरत नाही. किरण घाव घालतात,
पण घाव पक्का व्हायला प्राणवायू लागतो.
नसला, तर जखम बुजते."

मी पाकिटाकडे बघत राहिलो.
हा गोळा मी पाहिला होता.

ऑगस्टात वारा पडला की
लिमफ्योर्डचा तळ श्वास सोडतो.
शेतांतून उतरलेलं खत, शेवाळ, उकाडा.
वरून पाणी आरसा. पाहुणे फोटो काढतात.
आम्ही जाळं ओढतो तर कुजक्या अंड्यांचा वास
आणि तळावर पांढरी साय.
तिला आमच्याकडे प्रेताची चादर म्हणतात.
चपटे मासे काठाशी येऊन तोंडं वासतात,
खेकडे दोरावर चढून बसतात.
शिंपला तेवढा कुठे जात नाही.
दार लावून घेतो.
आत, जवळजवळ न जगता, जगतो.
आठवडाभरसुद्धा. मी सुरी घालून पाहिलंय,
नारिंगी मांस, ओलं, हट्टी.
बंदरावर नव्या पोरांना सांगायचो,
असं चिवट व्हा.

आता तोच. माझ्या जिभेच्या मुळाशी. दार लावून.

गोळी स्वतः कुणाला मारत नाही, बोडिल म्हणाली.
ती फक्त झिरपत जाते, वाटेत खर्च न होता,
थेट त्या अंधारापर्यंत,
आणि म्हणते, मी प्राणवायू.
सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं येत नाही म्हणतात.
श्वासाचं येतं,
हे मला सदुसष्टाव्या वर्षी कळलं.
दीड तास टिकतं ते सोंग, फार तर दोन.
तेवढ्यात किरण गाठले पाहिजेत.
म्हणून घड्याळ. म्हणून ही खुर्ची.

समोरच्या आस्ताबाईंनी गोळ्या सोडल्या.
शाळेत भूगोल शिकवायच्या. नवव्या दिवशी म्हणाल्या, पुरे.
कुणी रागावलं नाही. किरण चालू आहेत त्यांचे.
आम्ही एकमेकांकडे बघतो, परीक्षेला बसलेली
दोन मुलं एकमेकांच्या वहीकडे बघतात तसं.
उत्तर कुणाचं बरोबर, ते आज कळायचं नाही.
माझ्यावर गोळी चालतेय का, विचारलं
तर बोडिल खोटं बोलत नाही. खांदे उडवते,
मग जाळीचा मुखवटा माझ्या तोंडावर दाबून बसवते.
कट्. कट्. कट्.

आज एकोणिसावी. चौतीसपैकी.
परतताना गाडीत गुद्रुन हवामान वाचते,
शनिवारी पश्चिमेचा वारा, जोरात.
म्हणजे फ्योर्ड ढवळून निघेल, तळाला श्वास मिळेल.
खराखुरा. त्याला कसलं सोंग लागत नाही.
मी नुसता काचेवर बोटानं ठोकतो. ऐकलं, म्हणून.

घरी तिनं शिंपले शिजवणं बंद केलंय,
मला वास सोसणार नाही म्हणून.
रात्री पाटी घेतली. लिहिलं, उकड.
तिनं भुवया उंचावल्या.
खाली लिहिलं,
खायला नको. उघडताना बघायचेत.