चालू ठेवलेलं

रॉकफर्डच्या या गल्लीत मार्चमधला बर्फ काळा पडलाय.
क्लेटन म्हणतो, "मिलिंग मशीन आहे, सत्त्याऐंशी सालचं,
भंगाराच्या भावात मिळतंय. तू फक्त वायरिंग बघ."
फक्त.
चाळीस वर्षं हा शब्द ऐकतोय मी,
आणि दर वेळी टॉर्चमध्ये नवे सेल घालून निघतो.

डॉरीन हॉलबर्ग शटर वर करते.
आत कोणी नसताना
हिरव्या अक्षरांचा पडदा जळतोय.
"पप्पा गेल्यापासून बंद केलं नाही," ती सांगते.
"म्हणाले होते, बंद केलंस तर सगळं विसरेल ते."
सहा वर्षं.
विजेचं बिल तिने किराणाच्या खात्यात घातलंय.

मी कॅबिनेट उघडतो.
आधी नाक, मग मीटर.
जळका वास नाही. तेलकट धूळ, कोमट पत्रा.
दोन कपॅसिटर माथ्यावर टम्म फुगलेत,
स्पिंडलकडची वायर जरा वाकवावी
तर कवच पापडासारखं कडकन तुटतं.
ही कार्डं बनवणारी कंपनी केव्हाच बुडाली.
"एखादं गेलं तर?"
तर दुसरीकडे कुठे असलं मशीन मेलंय
ते शोधत फिरायचं, त्याच्या मयताला वेळेवर पोहोचायचं.

"तुझ्या गॅरेजात फेज किती?"
"एक."
याला तीन लागतात, आणि चारशे ऐंशी व्होल्ट.
कन्व्हर्टर, ट्रान्सफॉर्मर, मनगटाएवढी केबल:
मी पुठ्ठ्यावर बेरीज मांडतो.
चार आण्यांची कोंबडी, बारा आण्यांचा मसाला.
क्लेटन पुठ्ठा उलटा करून बघतो,
मागे काही कमी लिहिलंय का.

दाराच्या आतल्या अंगाला पेन्सिलीची अक्षरं.
व्हॅनमधून चष्मा आणतो.
"बॅटरी बदलली. मेन चालू ठेवूनच."
खाली तारखा, दर वर्षाची एक,
शेवटची सहा वर्षांपूर्वीची.
"मधे कधी लाइट गेली होती?"
"एकदाच. वादळात. दोन मिनिटं असेल."

आता चष्मा आहेच, तर पडदा वाचतो.
अलार्म.
मेमरी रिकामी.
इतकी वर्षं तो एवढंच सांगत होता,
आणि ती रोज सकाळी येऊन बघून जायची, हिरवा आहे ना.

मी सांगितलं. सांगायलाच हवं होतं.
ती काही बोलली नाही.
मेनचा खटका स्वतःच्या हाताने खाली ओढला.
पंखा रेंगाळत थांबला,
आणि कळलं की शेड केवढी मोठी आहे.

मग खालच्या खणातून तिने वही काढली.
आयव्हरच्या अक्षरात नऊशे आकडे, ओळीने,
सातच्या पोटात आडवी रेघ.
सगळे परत भरता येतील.
बोटं दुखतील, एक शनिवार जाईल.

क्लेटन घसा खाकरतो: "बंदच आहे म्हटल्यावर
तीनशे कमी करा."
"करते," डॉरीन म्हणते.
"वहीचे चारशे."